गोठण्याची वेळ

१

कवडू मेश्रामच्या अंगावर काळेनिळे अकरा डाग होते. गर्डर पडला होता तो त्याच्या मांड्यांवर. आणि डाग होते ते छातीवर, दंडांवर, पाठीवर, एक तर डाव्या कानामागं.

गुरुवारी सकाळी सात वाजता दवाखान्याच्या आयानं, मैनाबाईनं, त्याचे डोळे मिटवले. ओठांवरचं रक्त पुसलं, चादर वर ओढली आणि ओढता ओढता तिचा हात थांबला. मंगळवारी दुपारी याच माणसाचे कपडे तिनं कात्रीनं कापून काढले होते. तेव्हा त्याची छाती कोऱ्या पाटीसारखी होती.

१९५८ चा डिसेंबर सरत आला होता. भिलाईच्या माळावर पहिल्या भट्टीचं काम रात्रंदिवस चाललं होतं, आणि त्या कामाच्या कडेकडेनं लहानमोठ्या ठेकेदारांचे कॅम्प पसरले होते. अशाच एका ठेकेदाराच्या कॅम्पात बारा खाटांचा, पत्र्याच्या छपराचा हा दवाखाना होता. बाहेर कवडूच्या टोळीचा मुकादम मारोतराव उभा होता. भंडाऱ्याकडच्या तीन गावांतली चाळीस माणसं त्याच्या शब्दावर इथं आली होती, आणि सगळी त्याला मामा म्हणत. तो आत आला. त्यानं चादर बाजूला केली आणि बराच वेळ पाहत राहिला.

"गर्डर पडला मांडीवर, अन् रगत येते दातातून?" तो म्हणाला. "हे अपघाताचं मरन नोहे, बाई. याले कोनंतरी काईतरी चारलं."

दुपारपर्यंत पोलिसांनी कवडूच्या झोपडीतून उंदीर मारायच्या औषधाची पुडी शोधली. दवाखान्यात त्याच्या खाटेखाली एक जर्मनची वाटी सापडली, तळाशी हिरवा गाळ असलेली. कवडूची बायको शेवंता, कडेवर दोन वर्षांची शालू घेतलेली, तशीच ठाण्यावर नेली गेली.

ठेकेदारांच्या मजुरांसाठी नेमलेल्या कामगार कल्याण अधिकाऱ्याला, पिंपळापुऱ्यांना, हे कळलं तेव्हा संध्याकाळचे चार वाजले होते. एकतिशीचा, नागपूर विद्यापीठातून अर्थशास्त्र घेऊन बाहेर पडलेला, कागदावर विश्वास असलेला हा माणूस. तो सायकलीवरून ठाण्यावर गेला.

"औरत ने कबूल कर लिया है, साहब," ठाणेदार म्हणाला आणि जबाबाचा कागद त्यानं पुढं सरकवला. त्यावर लिहिलं होतं: मैंने उसको औषध दिया।

"औषध म्हणजे दवा," पिंपळापुरे म्हणाले.

ठाणेदार हसला. "आप के मुलुक में आदमी औषध पी के मरता है, साहब. हमको समझाया गया है."

ठाणेदाराचं म्हणणं खरं होतं. 'औषध पिऊन जीव दिला' असं त्यांच्या गावाकडचं कोणीही सहज म्हणे, आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ विचारावा लागत नसे.

"शनिवार को दुर्ग की कचहरी में पेश करेंगे," ठाणेदार म्हणाला. "तीन सौ दो."

दफा तीनशे दोन म्हणजे खून. हातात एक शुक्रवार उरला होता. परतताना पिंपळापुऱ्यांनी ऑफिसात अपघातांचं रजिस्टर उघडलं. 'मंगळवार, दुपारी एक वाजून पंधरा मिनिटं. पायास गर्डर लागून दुखापत. पावणेदोन वाजता दवाखान्यात दाखल.' नोंद नीटनेटकी होती. तिच्याखाली, बुधवारी सकाळी चहा पिता पिता, न वाचता केलेली सही होती. ती त्यांची स्वतःची होती.

२

शुक्रवारी सकाळी ठाण्याच्या मागच्या पडवीत शेवंता भिंतीला टेकून बसली होती. शालू तिच्या पदराच्या टोकाशी खेळत होती.

"जयभीम, साहेब."

"जयभीम, बाई." पिंपळापुरे समोर पायरीवर बसले. "तुम्ही कवडूला काय दिलंत?"

"औषद."

"कसलं?"

"अडुळशाचं. कुरुद गावाले मी भाजी आनाले जातो ना, तिथल्या मळ्याच्या कुपाले अडुळसा हाये. पानं आनली, वाटली, रस काढला, साखर टाकली. माही माय देत होती, कोनाचं रगत पडत असलं का."

"कधी दिलंत?"

"बुधवारी, दिवस बुडता बुडता. दोन घोट घेतले त्यानं. बाकीचं गळ्यावरून खाली गेलं."

"आणि तेच औषध का?"

शेवंतानं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू एवढं शिकूनही या माणसाला साधं कळत नाही. "कावून म्हंजे? त्याच्या हिरड्यातून रगत येऊन राह्यलं होतं, साहेब. सुई टोचली तिथून बी. उशी भिजली होती. थांबत नवतं म्हून तं देल्लं."

पिंपळापुऱ्यांची पेन्सिल थांबली. औषध रोगाच्या मागून आलं होतं. ज्या वाटीला पोलीस विषाची वाटी म्हणत होते, ती आणली गेली तेव्हा रक्त आधीच वाहत होतं. पण हे सांगणारी बाई आरोपीच होती.

"उंदराचं औषध घरात होतं?"

"सगळ्या कॅम्पात हाये. धान्याच्या कोठीवरून वाटलं होतं, घरामागं एक पुडी." तिनं शालूच्या हातातून पदर सोडवला. "मले इचारलं, घरात औषद हाये? मीनं म्हटलं, हाये. मंग इचारलं, नवऱ्याले देल्लं? मीनं म्हटलं, देल्लं. हिंदी मले समजत नाई. मामा संगं होते, त्याइनंच माह्या वतीनं सांगतलं."

मामा संगं होते हे ऐकून पिंपळापुऱ्यांना बरंच वाटलं. निदान आपल्याकडचं कोणीतरी या बाईजवळ होतं.

ते उठले तसं तिनं, कोणाचे पाय धरावेत तसा, पायरीच्या दगडाला हात लावला.

"साहेब, मले फाशी देतीन का?"

"अजून तसं काही..."

"देतीन तं द्या. पन शालूले कोन पाह्यन, थे सांगून जा."

पिंपळापुऱ्यांनी वही मिटली आणि सायकल दवाखान्याकडं वळवली.

३

"ठाणेदाराच्या डोक्यात ते मीच भरलं," डॉक्टर हिरा बोधनकर म्हणाल्या. नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून निघून वर्षही झालेलं नव्हतं. दोन दिवसांच्या जागरणानं त्यांचे डोळे आत गेले होते. "त्यानं विचारलं, एखाद्या विषानं रक्त असं वाहू शकतं का? मी म्हटलं, हे जे नवं उंदरांचं औषध आलंय त्यानं वाहू शकतं. ते रक्ताची गोठायची शक्तीच मारतं. पुस्तकातलं वाक्य होतं ते, पिंपळापुरे. आणि त्यानं टिपून घेतलं."

"दोन घोटांनी?"

"नाही. एका रात्रीत तर नाहीच. रोज थोडं थोडं, चारसहा दिवस पोटात गेलं पाहिजे."

"म्हणजे मंगळवारच्या आधीपासून, घरच्या जेवणातून."

डॉक्टरांनी मान खाली घातली. तेच सरकारी वकील म्हणणार होता.

कोपऱ्यात बाटल्या पुसत उभा असलेला कंपाउंडर चंपत खाकरला. "एक सांगू काय, बाई? रागवान तं नाई?"

"सांग."

"सोमवारी सांजच्याले तुमी दुर्गले गेल्या होत्या. तवा मीनं त्याचा दात काढला."

"तू?"

"बोंबलून राह्यला होता बिचारा. दाढ हालतच होती, मीनं फक्त हात लावला. आता म्हनतीन, चंपतनं दात काढला अन् मानूस मारला! म्हून बोललो नाई."

"तू हात लावलास म्हणजे पकड लावलीस," डॉक्टर कडवटपणे म्हणाल्या. "रक्त किती आलं?"

"कापसाचा एक बोळा. पाच मिनटात बंद. अन् मंगळवारी साडेसात वाजता कामावर जाता जाता दाखवाले आला. 'पाह्य बावा चंपत, तुही कारागिरी,' म्हने. खड्ड्यात काळी गाठ धरली होती, जांभळासारखी. हासत गेला."

डॉक्टर एकदम सरळ बसल्या. "रोज विष पोटात जाणाऱ्या माणसाची दाढ काढली असती तर तो रात्रभर थुंकत बसला असता. मंगळवारी सकाळी साडेसातपर्यंत कवडूचं रक्त तुमच्याआमच्यासारखं गोठत होतं!"

"मग घरचं जेवण संशयातून सुटलं," पिंपळापुरे म्हणाले.

"सुटलं." पण डॉक्टरांचा चेहरा उजळला नाही. "मंगळवारी त्याला आणलं तेव्हा मी धमन्या बांधत होते. रक्त गोठतंय की नाही हे मी पाहिलंच नाही. बुधवारी दुपारी हिरड्या वाहू लागल्या तेव्हा लक्षात आलं. जर मंगळवारी ते ठीक होतं आणि बुधवारी बिघडलं, तर मधला सगळा वेळ तो या खाटेवर होता." त्यांनी चंपतकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "मग उंदरांचं औषध नसेल, पण जे काही दिलं ते इथं, माझ्या दवाखान्यात, आमच्यापैकीच कोणीतरी दिलं."

चंपतच्या हातातली बाटली फरशीवर पडली.

४

काचा गोळा करायला मैनाबाई आली. फडकं, सुपली आणि राखेचं टोपलं ही तिची हत्यारं. ती उकिडवी बसली आणि पुटपुटली, "बाटली फुटली तं सारे पायतात. मानूस फुटला तवा मी एकटीच पुसत होतो."

पिंपळापुऱ्यांनी तिच्याकडं वळून विचारलं, "मावशी, मंगळवारचं रक्त तुम्ही पुसलंत?"

"मंग काय तुमी पुसलं?"

"कसं पुसता ते सांगा."

मैनाबाईला वाटलं साहेब थट्टा करतो आहे. पण तो खाली वाकून ऐकत होता. तिनं सुपली बाजूला ठेवली. "कोनी बी लागलेला मानूस आला का पह्यले मी राख टाकतो. डाक्टरबाईचं काम होतवरी रगत थिजते. मंग पत्र्याच्या तुकड्यानं खरडतो, टोपल्यात भरतो, मातीत पुरतो. पान्यानं धुतलं तं चिकटते, माश्या होते."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी पत्रा लावावाच नाई लागला." ती आठवू लागली. "राख टाकली तं राख वाहून गेली. एक बादली पानी मारलं अन् फरशी साफ. मीनं म्हटलं, चला, कमरेचं काम वाचलं." तिचा स्वर उतरला. "मंग वाटलं, हे असं कसं? अजी, घरी बोकड कापते तवा रक्तीसाठी गंजात रगत धरा. चूल पेटेपर्यंत दह्यावानी थिजते, त्याच्या वड्या पडते. हे थिजलंच नाई. आला तवापासूनच पान्यावानी होतं."

"किती वाजता?"

"आल्या आल्या. बाईनं सुई बी टोचली नवती."

 डॉक्टर बोधनकरांनी कवडूचा केसपेपर पुढं ओढला.

"मग कोणीच काही दिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तो येतानाच ते घेऊन आला होता." मग त्यांनी पुढं जे सांगितलं, ते पिंपळापुऱ्यांना नंतर कचहरीत शब्दशः लिहून द्यावं लागलं. "कॉलेजात असताना एक बाळंतीण पाहिली होती मी. वार आत सुटलेली. तिचं रक्त परीक्षानळीत अर्धा तास धरून ठेवलं, गोठलं नाही. सर म्हणाले होते, मोठ्या इजेतही असं होतं. चेंगरलेल्या मांसातून काहीतरी रक्तात उतरतं, आणि रक्त अंगातल्या अंगात, केसाएवढ्या नळ्यांतून, हजार ठिकाणी गोठू लागतं. गोठण्याचा सगळा साठा तिथंच संपतो. मग उरलेलं रक्त नुसतं पाणी. कातडीखाली पाझरलं की डाग, हिरडीतून पाझरलं की तोंड लाल. काल बुजलेली दाढसुद्धा उघडते. त्या अकरा डागांना कोणाचा हात लागलेला नाही. ते आतूनच आले."

"म्हणजे गर्डरनंच मारला त्याला."

"गर्डरनं. फक्त..." त्या कपाळ चोळू लागल्या. "नोंदीप्रमाणं अपघात सव्वा वाजता, दाखल पावणेदोनला. अर्ध्या तासात हे होतच नाही असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. पण त्याचे पाय लाकडासारखे थंडगार होते, आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. मांस खूप वेळ दबून राहिलं की होतं तसं."

"मावशी, त्याचे कपडे कुठं आहेत?"

"सदरा ठेवला हाये. शेवंताले धुऊन देईन म्हटलं, कपडा चांगला होता. पन तीन दिवस झाले बादलीत भिजून राह्यला, सिमेट सुटता सुटत नाई. कापताना माही कात्री वाकली होती त्याच्यानं."

"कापतानाच घट्ट होतं? मंगळवारी दोन वाजता?"

"पत्र्यावानी."

तिनं तो आणला. उजव्या बाहीवर बोटभर जाड सिमेंट बसलं होतं आणि त्याच्या आत लाल झाक होती. बाही कोपरात वाकलेली होती, एखाद्यानं डोक्याखाली हात घेऊन पडावं तशी. पिंपळापुऱ्यांनी ती दोन्ही हातांनी ओढून पाहिली. ती सरळ झाली नाही.

५

कामावरच्या टोळीला त्यांनी दुपारच्या सुट्टीत गाठलं. गर्डर पडला होता तो भट्टीच्या पायाजवळचा खड्डा आता काँक्रीटनं भरला होता. सहा जणांना त्यांनी वेगवेगळं बोलावलं आणि सहाही जणांनी तेच सांगितलं: "जेवणाच्या भोंग्यानंतर सव्वा वाजता गर्डर पडला."

वेळ एकच असणं समजण्यासारखं होतं. पण ज्या माणसांच्या तोंडी 'दिवस वर आला तवा' आणि 'भोंगा झाला मंग' यांपलीकडं वेळ नसते, त्यांच्या तोंडी सव्वा वाजता! आणि एकाच्याही तोंडी 'जेवनाच्या' नाही, स्वच्छ 'जेवणाच्या', धडा म्हटल्यासारखं.

सातवा जानराव, कवडूचा चुलतभाऊ. लांबट, खांदे पडलेला. मिक्सरवर सिमेंट-रेतीचं प्रमाण तोच पाहत असे. त्याला पिंपळापुऱ्यांनी अपघाताचं काही विचारलंच नाही.

"जानराव, तू सिमेंटमधला जाणकार म्हणतात. मला सांग, या थंडीत ढलाई केली, काँक्रीट ओतलं, तर माल घट्ट व्हायला किती वेळ लागतो?"

जानरावच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. "थंडीत चार घंटे तरी लागते, साहेब. नखानं ओरखडा नाई पडला पायजे, तवा सेट झाला म्हनाचं."

"आणि अर्ध्या तासात?"

"अर्ध्या घंट्यात? अजी, अर्ध्या घंट्यात तं थो खिरीवानी राह्यते. पान्यानं धुतला का गेला."

"नुसतं उन्हानं वाळलं तर?"

"वाळलेला भुगा होते. सेट झाला थो भुगा नाई होत. दगड होते."

पिंपळापुऱ्यांनी पिशवीतून सदरा काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"हा दोन वाजता दगड झालेला होता," ते म्हणाले. "सव्वा वाजता उडालेलं सिमेंट."

जानरावनं बाहीच्या वाकलेल्या कोपरावर हात ठेवला. बोटं फिरवली. मग तो हात तिथंच राहिला.

"थो असाच होता," तो म्हणाला. "डोक्याखाली हात घेऊन. म्हने, जानू, मी जरा पडतो, तुमी काम करा."

"किती वाजता पडला गर्डर?"

जानरावची नजर त्यांच्या खांद्यावरून मागं गेली. पिंपळापुरे वळले. खड्ड्याच्या काठावर मारोतराव उभा होता.

"सांग जानराव," तो म्हणाला. "सांग साहेबाले. मंग चाळीस घरची चूल बी तूच पेटव."

६

दुपारी चार वाजता दवाखान्याच्या ओसरीवर ठाणेदार, डॉक्टर, मैनाबाई आणि चंपत बसले होते. जानराव खांबाला टेकून उभा होता. मारोतरावला खुर्ची दिली होती, पण तो खाली बसला.

पिंपळापुऱ्यांनी आवाज चढवला नाही. ठाणेदारासाठी ते हिंदीत आणि मारोतरावसाठी मराठीत, एकेक वाक्य दोनदा बोलत गेले. मंगळवारी सकाळी साडेसातला कवडूचं रक्त गोठत होतं, चंपतनं पाहिलं. दोन वाजता ते गोठत नव्हतं, मैनाबाईनं पुसलं. तेव्हा बुधवारची वाटी त्यात येऊच शकत नाही. रक्त बिघडलं ते साडेसात आणि दोनच्या मधे, आणि मधे त्याच्यावर पडला तो फक्त गर्डर. आणि दोन वाजता त्याच्या अंगावरचं सिमेंट दगड झालं होतं. म्हणजे गर्डर पडला तो सव्वा वाजता नव्हे. दहाच्याही आधी.

"धूप में सूख गया होगा," ठाणेदार म्हणाला.

मैनाबाईनं बादली त्याच्यापुढं सरकवली. "तीन दिन से पानी में है, साहेब. तुमी सुटवून दाखवा."

ठाणेदारानं बाहीला नख लावलं. मग त्यानं हात पुसला.

"आता एकच उरतं," पिंपळापुरे म्हणाले. "ठाणेदारसाहेब, औषध म्हणजे विष, हे तुम्हाला समझाया गया, असं तुम्ही म्हणालात. कोणी समजावलं?"

 ठाणेदारानं खाली बसलेल्या मुकादमाकडं पाहिलं.

"शेवंताबाईंनी अडुळसा सांगितला होता. तुम्हाला अडुळसा ऐकू आला नाही, कारण मधे मुकादम होते."

"मीनं पन चाटून पाह्यलं होतं थे," मैनाबाई मधेच म्हणाली. "कडूजहर!"

"मावशी, कचहरीत तेवढं नका म्हणू," डॉक्टर म्हणाल्या. 

 मारोतराव बोलू लागला तेव्हा त्याचा आवाज मुकादमाचा नव्हता.

"ढलाई साडेआठले सुरू झाली. नऊ वाजून गेले असतीन. फळ्या सुटल्या, गर्डर आला, मालाची बादली त्याच्यावर उलटी झाली. क्रेन एकच होती, साहेब, अन् थे मालाच्या बादल्या उचलत होती. मी पयत गेलो ठेकेदाराच्या सुपरवायझरकडं. म्हटलं, क्रेन द्या. थो म्हने, ढलाई नहीं रुकेगी. मधात रुकली तं जोड पडते, सारा पाया तोडा लागते. जॅक लगाव, म्हने. दोन जॅक होते, एक गळका. कवडू बोलून राह्यला होता, हासून राह्यला होता. मले वाटलं, हाडच मोडलं असन, बसन पंधरा दिवस घरी. पोरं खाली उतराले गेले तं मीच अडवलं. म्हटलं, माल टाका. एक वाजता निघाला थो."

"आणि नोंद?"

"सुपरवायझरनं लिवली. मले म्हने, पोरायले पाठ करून दे. नाई तं सारी टोळी उद्या गावच्या गाडीत."

"तेवढ्यासाठी शेवंताला?"

"थो मेला नसता तं कोनाले काई झालं नसतं!" मारोतराव एकदम ओरडला आणि तितकाच एकदम खचला. "मेल्यावर चौकशी येनार होती. थे चार घंटे उघडे पडनार होते. थे डाग दिसले अन् मले वाट दिसली. म्हटलं, एक बाई जाईन, चाळीस घरं राहतीन. मीनंच आनलं ना साऱ्यायले, गावावरून."

"शेवंताबाईंनाही तुम्हीच आणलंत," डॉक्टर म्हणाल्या.

ठाणेदार उठला. जबाबाचा कागद त्यानं खिशातून काढला, उलगडला आणि मारोतरावच्या पुढ्यात ठेवला. "फिर से बोलो. औषध याने क्या?"

"दवा," मारोतराव म्हणाला. "अडुळसे की दवा."

पिंपळापुऱ्यांनी नवीन जबाब लिहिला. खाली साक्षीदारांची नावं घातली आणि मग आणखी एक कागद घेऊन स्वतःबद्दल लिहिलं: अपघाताच्या खोट्या नोंदीवर मी न वाचता सही केली. सुपरवायझरचं नाव त्यांनी दोन्ही कागदांवर ठळक लिहिलं. त्याला धरायला शिपाई गेला तेव्हा कळलं, की तो गुरुवारीच दुपारच्या गाडीनं रायपूरला निघून गेला होता.

निघताना ते डॉक्टरांपाशी थांबले. "दहा वाजता आणला असता तर?"

"पाय गेले असते," त्या म्हणाल्या. "माणूस... कदाचित. हे कदाचित मला आता जन्मभर पुरेल."

७

शेवंताला त्यांनी सूर्य मावळायच्या आत सोडलं. शालूला खांद्यावर टाकून ती पायरी उतरली. समोर रस्त्याच्या कडेला जानराव उभा होता आणि त्याच्या मागं, शिपायाबरोबर, मारोतराव.

पिंपळापुऱ्यांनी तिला सगळं सांगितलं. रक्ताचं, सिमेंटचं, क्रेनचं. जितकं साध्या शब्दांत सांगता येईल तितकं. तिनं मधे एकदाही विचारलं नाही. संपल्यावर ती मारोतरावकडं वळली. त्यानं दोन्ही हात जोडले, पण ती त्याच्या हातांकडं पाहत नव्हती.

"मामा, चार घंटे होता थो तिथं?"

"हो माय."

"बोलत होता?"

मारोतरावनं जानरावकडं पाहिलं. जानराव म्हणाला, "बोलत होता, वहिनी. तुह्या नावानं बी बोलला. म्हने, तिले नोका सांगू, घाबरन."

"अन् तुमी नाई सांगतलं."

"नाई."

"माही झोपडी तिथून कितीक दूर हाये, भाऊजी? बिडी वढून होत नाई तवर मानूस पोचते. मी येऊन बसली असती. गर्डर नसता उचलला मीनं, पन डोकं मांडीवर घेतलं असतं." ती हे रडून बोलत नव्हती, हिशेब समजून घ्यावा तसं बोलत होती. मग ती पिंपळापुऱ्यांकडं वळली, जणू आपल्यावरही काही आळ येऊ नये म्हणून समजावत होती.

"आमी कॅम्पातल्या बायका कान देऊन राहतो, साहेब. ढलाईत मिक्सरची मशीन मधातच बंद झाली का समजाचं, कोनाले तरी लागलं. मंग आमी साऱ्या पयत जातो. त्या दिवशी मी सकाळपासून ऐकून राह्यली होती. मशीन एकदाबी बंद नाई झाली." तिनं शालूला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "म्हून मीनं त्याच्या वाटचा भात टाकला."